एस५-९५यू पीएलसीचे प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर आणि केबल कोठे मिळेल?

कुपवाड_देखभाल यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

मी कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत विद्युत देखभालीचे काम पाहतो. आमच्याकडे एक जुने कोअर शूटर मशीन आहे, म्हणजे ओतकामात पोकळी ठेवण्यासाठी लागणारे वाळूचे कोअर बनवणारे मशीन. मालकांनी ते सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी जर्मनीतून वापरलेले मशीन म्हणून आणले आणि आजही आमचे निम्म्याहून अधिक कोअर त्याच मशीनवर निघतात. त्याच्या पॅनेलमध्ये सीमेन्सचा सिमॅटिक एस५-९५यू हा पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमनुसार मशीन चालवणारा नियंत्रक, आहे. इतक्या वर्षांत त्याने कधी त्रास दिला नाही, त्यामुळे त्याच्याकडे कोणी फारसे पाहिलेही नाही. गेल्या आठवड्यात एक कॉन्टॅक्टर बदलण्यासाठी पॅनेल उघडले, तेव्हा पीएलसीच्या दर्शनी भागावरचा बॅटरीचा पिवळा दिवा लागलेला दिसला. तो किती दिवसांपासून लागलेला आहे, हे आमच्यापैकी कोणालाही सांगता आले नाही.

या मशीनचा प्रोग्रॅम आमच्याकडे कोठेही नाही. मशीन उभे करताना ज्या सल्लागारांनी काम केले होते त्यांचे कार्यालय सांगलीत मारुती चौकाजवळ तळमजल्यावर होते आणि २०१९ च्या महापुरात तेथे पाणी शिरले. फ्लॉप्या, छापील लॅडर (प्रोग्रॅमची आकृती), ड्रॉइंगच्या फायली, सगळेच भिजले. पुढे त्यांनी व्यवसायही आवरता घेतला. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी चिखल वाळून चिकटलेल्या सात फ्लॉप्यांचा एक डबा माझ्या हाती दिला. तो मी जपून ठेवला आहे, पण त्यातली एकही फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्याचे धाडस मला झालेले नाही. पॅनेलच्या दाराच्या कप्प्यात मात्र चार छापील पाने मिळाली. मजकूर जर्मन आहे आणि त्यात 'यू ई ३२.०', '= ए ३२.१' अशा ओळी आहेत. त्यांचा अर्थ मला लागत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. या पीएलसीचे स्टेप ५ हे सॉफ्टवेअर आज कोठून मिळवावे, ते आमच्या विंडोज १० च्या लॅपटॉपवर चालेल का, आणि केबल कोणती घ्यावी? शेजारच्या कारखान्यातील एका मित्राने एका संकेतस्थळाचा पत्ता दिला आहे. तेथे हे सॉफ्टवेअर आणि सोबत पासवर्ड काढून देणारे एक साधनही फुकट मिळते असे तो म्हणतो. ते उतरवून घ्यावे की नाही, याबद्दल माझे मन साशंक आहे. याशिवाय आमच्या शॉट ब्लास्टिंग मशीनवर मित्सुबिशीचा एफएक्स२एन हा पीएलसी आहे आणि त्याचाही प्रोग्रॅम आमच्याकडे नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त_इन्स्ट्रुमेंट यांचे उत्तर

आपण सॉफ्टवेअरबद्दल विचारले आहे, पण आज रात्री घरी जाण्यापूर्वी एक काम करून मगच जा. त्या पॅनेलच्या एमसीबीवर ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवा, 'विचारल्याशिवाय बंद करू नये', आणि तिन्ही शिफ्टच्या माणसांना ती वाचून दाखवा. पीएलसीला वीज मिळत आहे तोवर रॅममधला प्रोग्रॅम सुरक्षित आहे. वीज गेली की तो केवळ त्या बॅटरीच्या भरवशावर उरतो, आणि ती बॅटरी संपत आल्याचे तो पिवळा दिवा आपल्याला सांगत आहे.

बॅटरी बदलताना पुरवठा चालू ठेवूनच बदलायची असते. आपल्या लोकांचा हात सवयीने आधी मेन स्विचकडे जातो, आणि एरवी ती सवय चांगलीच आहे, परंतु या एका कामात ती घात करते. बॅटरी ३.६ व्होल्टची लिथियम, आकाराने पेन्सिल सेलएवढी असते. दुकानदार अनेकदा आकार पाहून दीड व्होल्टचा साधा सेल हातात देतो, तो चालत नाही. व्होल्टेज मीटरने स्वतः मोजा, धन आणि ऋण टोके जुन्या बॅटरीप्रमाणेच आहेत याची खात्री करा आणि मगच ती बसवा. पुरवठा चालू असल्याने आजूबाजूच्या टर्मिनलवर वीज असेल, तेव्हा सुटा पाना किंवा लांब स्क्रू-ड्रायव्हर जवळ ठेवू नका.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो, कारण आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यात मी हे भोगले आहे. गाळप संपले की ऑफ सीझनमध्ये सेंट्रिफ्युगल मशीनच्या पॅनेलचा पुरवठा बंद होत असे. त्या वर्षी पावसाळाभर पॅनेल बंद राहिले, बॅटरी कधी संपली ते कोणालाही समजले नाही, आणि बॉयलर पेटवण्याची तारीख आठ दिवसांवर आली असताना पुरवठा दिला तर पीएलसी रिकामा. आमच्या नशिबाने डॉट मॅट्रिक्सवर छापलेला प्रोग्रॅम एका कपाटात होता. हातात धरायच्या पीजी ६०५ या प्रोग्रामिंग यंत्रावर मी आणि एका सहकाऱ्याने दोन रात्री बसून तो ओळ न् ओळ पुन्हा भरला. एक जण वाचत असे, दुसरा कळ दाबत असे, आणि प्रत्येक ब्लॉक, म्हणजे प्रोग्रॅमचा एक भाग, संपला की अदलाबदल करून पुन्हा पडताळत असू. तरीही एका ठिकाणी 'अँड नॉट' च्या जागी 'अँड' पडले आणि साखरेची फिरती बास्केट थांबण्याआधीच प्लाव (साखर खरवडणारे पाते) उघडण्याचा आदेश जाऊ लागला. चाचणीच्या वेळी ते लक्षात आले म्हणून निभावले. आपल्याकडे तर तो छापील कागदही नाही, म्हणून रॅममधली ती एकच प्रत हीच आपली खरी मालमत्ता आहे असे समजून चाला.

एक गोष्ट तपासून कळवा. आपल्याकडे साप्ताहिक सुट्टीला मेन बंद करून जाण्याची पद्धत आहे का? असल्यास, दिवा लागलेला असतानाही सुट्टीनंतर मशीन नीट सुरू होत आले आहे. याचा अर्थ एकतर बॅटरीत अजून थोडा जीव आहे, किंवा पीएलसीच्या खाचेत मेमरी मॉड्यूल बसवलेले आहे आणि प्रोग्रॅम तेथून उचलला जात आहे. ती खाच नीट पाहा. ती रिकामी असेल, तर या पीएलसीची एक मोठी सोय अशी की त्यात ईईप्रॉम मॉड्यूल (विजेशिवाय मजकूर टिकवणारी, पुन्हा लिहिता येणारी मेमरी) बसवून 'कॉपी' ही कळ काही सेकंद दाबून धरली की रॅममधला प्रोग्रॅम मॉड्यूलमध्ये उतरतो. त्याला संगणक, केबल, सॉफ्टवेअर यांपैकी काहीच लागत नाही. मात्र मॉड्यूल बसवताना पुरवठा बंद करावा लागतो, म्हणून आधी नवी बॅटरी आणि मगच हे काम, हा क्रम मोडू नका.

मिरज_ऑटोमेशन यांचे उत्तर

वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. आता सॉफ्टवेअर आणि केबलबद्दल सांगतो.

एस५ ही मालिका १९७९ सालची. तिचे स्टेप ५ हे सॉफ्टवेअर सुरुवातीला सीपी/एम आणि नंतर डॉस या विंडोजपूर्व संगणक प्रणालींवर चालणारे होते. १९९० च्या दशकाच्या मध्यात एस७ मालिका आली आणि तिच्याबरोबर स्टेप ७ आले. नावे सारखी असली तरी स्टेप ७ घेऊन एस५ शी ऑनलाइन बोलता येत नाही, हे आधी लक्षात घ्या, कारण अनेक जण पहिली चूक तेथेच करतात. स्टेप ७ मध्ये एस५ ची फाइल रूपांतरित करण्याची सोय आहे, पण त्यासाठी ती फाइल आधी हातात असावी लागते.

विंडोज १० चा आपला लॅपटॉप बहुधा ६४ बिटचा असेल आणि ६४ बिटच्या विंडोजवर डॉसचे १६ बिटचे प्रोग्रॅम चालतच नाहीत. डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ते उघडते, पडदा अगदी पूर्वीसारखा दिसतो, जुनी फाइल वाचायला तेवढे पुरतेही. अडचण पीएलसीशी संपर्क साधताना येते. डॉसच्या काळातील हे सॉफ्टवेअर संगणकाच्या सिरियल पोर्टच्या चिपशी थेट बोलते. मध्ये यूएसबी आणि त्यावर आभासी पोर्ट आला की वेळेचे गणित बिघडते आणि संपर्क अर्ध्यावर तुटतो. म्हणून दोनच मार्ग मला भरवशाचे वाटतात. एक म्हणजे, खरा नऊ पिनांचा सिरियल पोर्ट असलेला जुना संगणक आणि त्यावर डॉस किंवा जुने विंडोज. दुसरा म्हणजे, जर्मनीतील आयबीएचसॉफ्टेक या कंपनीचे 'एस५ फॉर विंडोज' हे सॉफ्टवेअर. ते विकत घ्यावे लागते, पण ते विंडोजच्या पद्धतीने पोर्ट वापरते, स्टेप ५ च्याच फायली वाचते आणि लिहिते. मी स्वतः गेली काही वर्षे तेच वापरतो.

स्टेप ५ ची मूळ प्रत हवी असेल, तर आधी आपल्याच भागात शोधा. कुपवाड, मिरज, पलूस, किर्लोस्करवाडी, शिवाय साताऱ्याची आणि शिरवळची वसाहत, या पट्ट्यात १९९० च्या दशकात उभी राहिलेली पुष्कळ मशीन आहेत, आणि ज्यांनी ती घेतली त्यांतील काहींनी सॉफ्टवेअरही रीतसर परवान्यासह घेतले होते. देखभाल विभागाच्या कपाटात तळाशी निळसर वेष्टनातील फ्लॉप्या पडून असतात. एखाद्या कारखान्याने एस५ काढून एस७ बसवला असेल, तर त्यांच्या लेखी ती वस्तू भंगारातलीच असते. परवान्याच्या कागदासह ती विकत मागा, लोक देतात.

केबलबद्दल काळजी घ्या. पीएलसीवर पंधरा पिनांचा जो पोर्ट आहे, तो दिसायला जुन्या संगणकाच्या जॉयस्टिकच्या पोर्टसारखा दिसतो, पण त्यातून २० मिलिअँपिअरचा करंट लूप (विद्युतप्रवाहाने संदेश पाठवण्याची पद्धत) येतो, संगणकाच्या सिरियल पोर्टचा आरएस-२३२ नव्हे. साधी केबल घरी सोल्डर करून थेट लॅपटॉपला जोडू नका. मध्ये आरएस-२३२ ते २० मिलिअँपिअर असा परिवर्तक लागतो, सीमेन्सची मूळ केबल ६ईएस५७३४ या क्रमांकाने सुरू होते आणि परिवर्तक तिच्या टोपणातच असतो. संपर्काचा वेग ९६००, आठ डेटा बिट, सम पॅरिटी, एक स्टॉप बिट. एस५ साठीच बनवलेल्या यूएसबी केबलही मिळतात आणि 'एस५ फॉर विंडोज'बरोबर त्या चालतात.

आपल्या जर्मन पानांचे कोडे सोपे आहे. जर्मन पद्धतीत 'यू' म्हणजे 'उंड', अर्थात अँड. 'ई' म्हणजे इनपुट आणि 'ए' म्हणजे आउटपुट. इंग्रजी पद्धतीत हेच 'ए', 'आय' आणि 'क्यू' असे लिहितात. म्हणजे जर्मन कागदावरचे 'ए' आउटपुट दाखवते आणि इंग्रजी पडद्यावरचे 'ए' अँड दाखवते. या एका अक्षराने भल्याभल्यांना फसवले आहे. आपली ओळ 'इनपुट ३२.० असेल तर आउटपुट ३२.१ चालू' एवढेच सांगते. ९५यू च्या अंगभूत डिजिटल इनपुट आणि आउटपुटचे पत्ते ३२.० पासून ३३.७ पर्यंत असतात, म्हणून ती पाने बहुधा याच मशीनची आहेत. सांभाळून ठेवा.

एफएक्स२एन चे काम यामानाने हलके आहे. मित्सुबिशीचे जीएक्स वर्क्स२ त्याला चालते आणि ते अधिकृत विक्रेत्याकडून मिळते. त्यानंतरचे जीएक्स वर्क्स३ या मालिकेसाठी नाही. आठ पिनांच्या गोल पोर्टसाठी एससी-०९ प्रकारची केबल लागते. त्यातही प्रोग्रॅम बॅटरीवर टिकणाऱ्या रॅममध्ये असतो, तेव्हा तो वाचून ठेवण्याचे काम याच महिन्यात उरका.

कुपवाड_देखभाल

दोघांचेही मनापासून आभार. सरांनी सांगितल्याप्रमाणे त्याच संध्याकाळी एमसीबीवर चिठ्ठी लावली आणि काल पुरवठा चालू ठेवून बॅटरी बदलली. जुनी बॅटरी मीटरवर २.९ व्होल्ट दाखवत होती. नवीन बसवताच पिवळा दिवा विझला, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

आमच्याकडे साप्ताहिक सुट्टीला मेन बंद होतेच. त्यामुळे खाच तपासली, तर तिच्यात एक मॉड्यूल बसवलेले आहे. त्याच्या अंगावर कागदी चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर पेनाने 'मे १९९४' असे लिहिलेले आहे. चिकटपट्टीच्या कडेला काचेची गोल खिडकी असल्यासारखे दिसते. हे काढून त्या जागी ईईप्रॉम बसवून कॉपी कळ दाबावी का?

निवृत्त_इन्स्ट्रुमेंट

कृपया ते काढू नका आणि ती चिकटपट्टी तर मुळीच सोलू नका. काचेची खिडकी असलेले मॉड्यूल म्हणजे ईप्रॉम. अतिनील प्रकाशाने त्यातील मजकूर पुसला जातो आणि तो पुसला जाऊ नये म्हणूनच कोणीतरी त्या खिडकीवर कागद लावला आहे. पीएलसीला त्यावर लिहिता येत नाही, त्यामुळे कॉपी कळीचा येथे उपयोग नाही.

दुसरे असे की, सुट्टीनंतर आपले मशीन सुरू होत होते ते बॅटरीमुळे की या ईप्रॉममुळे, हे बाहेरून पाहून ठरवता येणार नाही. ईप्रॉम १९९४ चे आहे. त्यानंतर कोणी रॅममध्ये बदल केले असतील, तर दोन्ही प्रती वेगळ्या असतील. अशा वेळी मॉड्यूलची काढघाल करून आपण स्वतःहून धोका ओढवून घेऊ नये. बॅटरी आता नवी आहे, घाई उरलेली नाही. आधी संगणकाने रॅममधला प्रोग्रॅम वाचून घ्या, त्याच्या प्रती करा आणि मग ईप्रॉमचा विचार करा. मिरजेच्या मित्रांनी मनावर घेतले तर हे काम एका संध्याकाळचे आहे.

तंत्रशिक्षिका_सातारा यांचे उत्तर

मी साताऱ्यात विद्युत शाखेच्या विद्यार्थ्यांना पीएलसी शिकवते. आपल्या प्रश्नातील ज्या भागाला अजून कोणी हात घातलेला नाही, त्या फुकटच्या सॉफ्टवेअरबद्दल आणि फ्लॉप्यांबद्दल लिहिते.

पासवर्ड काढून देणारे साधन उतरवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. औद्योगिक सायबर सुरक्षेत काम करणाऱ्या ड्रॅगोस या अमेरिकी कंपनीने जुलै २०२२ मध्ये अशाच एका साधनाची तपासणी प्रसिद्ध केली होती. एका पीएलसीचा विसरलेला पासवर्ड ते खरोखरच काढून देत होते, म्हणजे वापरणाऱ्याला काम झाल्याचे समाधान मिळत होते, आणि त्याच वेळी ते त्या संगणकात सॅलिटी नावाचा घातक प्रोग्रॅम सोडत होते. आपला तो लॅपटॉप उद्या कारखान्याच्या नेटवर्कला लागणार, त्यावरून पगाराची किंवा बिलांची कामेही होत असतील. शिवाय आपल्या पीएलसीला पासवर्ड आहे असे कोणी म्हटलेलेच नाही. जे कुलूप दाराला नाही, त्याची चावी चोरबाजारातून कशाला आणायची?

उत्पादन बंद झाले म्हणजे सॉफ्टवेअर कोणाच्याही मालकीचे राहिले नाही, असा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. स्वामित्व हक्क कंपनीकडेच राहतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने रीतसर प्रत बाळगणाऱ्याला नुकसानीपासून बचाव म्हणून राखीव प्रत करण्याची मुभा दिली आहे, त्यामुळे मिरजेच्या मित्रांनी सुचवलेला, परवान्यासह जुनी प्रत विकत घेण्याचा मार्गच योग्य आहे. घेतल्यावर त्या फ्लॉप्यांची प्रतिमा-फाइल, म्हणजे संपूर्ण फ्लॉपीची हुबेहूब प्रत, करून ठेवणे हे पहिले काम समजा. तीस वर्षांपूर्वीच्या फ्लॉपीवर विसंबणे म्हणजे दुसऱ्यांदा त्याच अडचणीत जाणे होय.

आता पुरात भिजलेल्या फ्लॉप्यांविषयी. त्या तशाच ड्राइव्हमध्ये घातल्या नाहीत हे फार चांगले केले, कारण वाळलेल्या गाळाचा एक कणही चकतीवर आणि ड्राइव्हच्या हेडवर ओरखडा पाडतो. २०२१ च्या पुरानंतर कराडच्या एका परिचितांच्या फ्लॉप्या मी अशा हाताळल्या होत्या. वरची धातूची झडप काढायची, प्लास्टिकचे दोन भाग कडेने हळूच उकलायचे, आतली तपकिरी चकती मधल्या धातूच्या तबकडीला धरून बाहेर काढायची आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये नुसती हलवून गाळ सुटू द्यायचा. घासायचे नाही, उन्हात ठेवायचे नाही. सावलीत पूर्ण वाळल्यावर ती चकती दुसऱ्या चांगल्या फ्लॉपीच्या कवचात बसवायची, लिहिण्यास बंदी करणारी खिडकी उघडी ठेवायची आणि एकाच वेळी संपूर्ण प्रतिमा वाचून घ्यायची. माझ्या हातून सर्वच वाचल्या नाहीत, पण काही निश्चित वाचल्या.

वाचलेल्या फ्लॉपीवर काय शोधायचे तेही सांगते. स्टेप ५ मधील प्रोग्रॅमच्या फाइलचे नाव सहा अक्षरांचे असते, त्यापुढे 'एसटी' आणि शेवटी 'एस५डी' हे विस्तारनाम येते. नाव लहान असेल तर रिकाम्या जागी '@' भरलेले दिसते. त्याहूनही मोलाच्या फाइल म्हणजे 'झेड०' ही अक्षरे असलेल्या 'आयएनआय' आणि 'एसईक्यू'. त्यांत चिन्हांची यादी असते, म्हणजे कोणता इनपुट कोणत्या लिमिट स्विचचा (भाग जागेवर पोहोचल्याचे सांगणाऱ्या स्विचचा) आहे, ही माहिती. पीएलसीमधून आपण जो प्रोग्रॅम वाचाल त्यात ती नसेल. पीएलसी केवळ ब्लॉक साठवतो. नावे आणि टिपा ज्या संगणकावर प्रोग्रॅम लिहिला गेला, तेथेच राहतात. हे आधीच माहीत असलेले बरे, नाहीतर वाचून झाल्यावर फार निराशा होते.

फ्लॉप्या माझ्याकडे पाठवायच्या असतील, तर मी आनंदाने प्रयत्न करीन.

मिरज_ऑटोमेशन

आणखी एक सावधगिरी. ब्लॉक हलवण्याच्या पडद्यावर 'स्रोत' आणि 'लक्ष्य' असे दोन रकाने असतात. स्रोत पीएलसी आणि लक्ष्य फाइल हेच हवे. हे उलट झाले, तर रिकाम्या फाइलने चालू प्रोग्रॅमवर बोळा फिरू शकतो. एंटर दाबण्यापूर्वी दोघांनी मोठ्याने वाचून दाखवायचे, असा नियम मी माझ्याकडे काम करणाऱ्या मुलांना घालून दिला आहे. मी गुरुवारी सायंकाळी कुपवाडला येतो, लॅपटॉप आणि केबल माझीच आणतो. बंद पडलेला कोअर शूटर परत उभा करणे सोपे नाही, तेव्हा एवढे काम कोणीही आनंदाने करील.

कुपवाड_देखभाल

सर्वांना कळवताना आनंद होतो की प्रोग्रॅम सुखरूप बाहेर आला.

गुरुवारी दुसऱ्या शिफ्टच्या जेवणाच्या सुट्टीत आम्ही केबल जोडली. पीएलसी चालूच होता, मशीन मात्र मोकळे करून ठेवले होते. 'स्रोत पीएलसी, लक्ष्य फाइल' हे मिरजेच्या दादांनी आणि मी दोघांनी मोठ्याने वाचले, मागे उभा असलेला फिटरही नकळत आमच्याबरोबर वाचू लागला. ओबी१, ओबी२१, ओबी२२ हे मुख्य ब्लॉक, सात प्रोग्रॅम ब्लॉक, दोन फंक्शन ब्लॉक आणि एक डेटा ब्लॉक, एवढे सगळे पाच मिनिटांच्या आत फाइलमध्ये आले. त्याच जागी फाइलची पीएलसीशी तुलना करून पाहिली, फरक निघाला नाही. एक प्रत कार्यालयाच्या संगणकावर, एक मालकांच्या घरी आणि एक छापील प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून पहिल्या मजल्यावरच्या कपाटात ठेवली आहे. पुराचे पाणी आमच्या वसाहतीत येत नाही, पण तळमजल्यावर ठेवायला हात धजावला नाही.

सरांनी रॅम आणि ईप्रॉम वेगळे असू शकतात असे म्हटले होते, म्हणून ती जर्मन पाने समोर ठेवून ओळीने ताडून पाहिले. चौथ्या पानावर गॅसिंगचा, म्हणजे कोअर घट्ट होण्यासाठी वायू सोडण्याचा, टायमर आहे. कागदावर 'केटी ०२५.१' असे छापले आहे. दादांनी समजावले की शेवटचा १ म्हणजे एक दशांश सेकंदाचे एकक, म्हणजे पंचवीस गुणिले एक दशांश, अडीच सेकंद. मशीनमधून आलेल्या प्रोग्रॅममध्ये मात्र त्याच ओळीत 'केटी ०४०.१' आहे, चार सेकंद. हा बदल कोणी आणि केव्हा केला, हे आमच्या कोणत्याही वहीत नाही. त्या मशीनवर सुरुवातीपासून काम करणाऱ्या आमच्या मामांना विचारले. ते म्हणाले, 'रेझिन बदललं तेव्हा कोअर मधे कच्चे राहत होते, सल्लागारसाहेबांनी येऊन वेळ वाढवून दिली होती.' मॉड्यूलवरचे लेखन १९९४ चे, म्हणजे त्यात जुने अडीच सेकंदच असण्याची शक्यता अधिक. पुढच्या सुट्टीत दादा ते वाचून देणार आहेत आणि चार सेकंदांचा प्रोग्रॅम नव्या ईईप्रॉमवर उतरवून ठेवणार आहेत.

फ्लॉप्यांचा डबा बाईंकडे साताऱ्याला पाठवला आहे. एफएक्स२एन चाही प्रोग्रॅम त्याच दिवशी वाचून झाला, त्यात अडचण आली नाही.

आता नावांचे काम सुरू केले आहे. रोज शिफ्ट सुरू होण्याआधी अर्धा तास मामा मशीन एकेक पायरी हाताने चालवतात, मी पीएलसीवर कोणता दिवा लागतो ते पाहतो आणि लिहून घेतो. कालपर्यंत सोळापैकी नऊ इनपुट ओळखता आले. पहिली नोंद मामांच्याच शब्दांत ठेवली आहे: 'आय ३२.४, कोअर बॉक्स पुरता मिटला, मागचा लिमिट स्विच, वाळू अडकली की हाच दगा देतो.'